बाहेरचा बूट

आमची गाडी उजवीकडे वळताना कटकट करायला लागली. सरळ जाताना गप्प, डावीकडे वळताना गप्प. उजवीकडे स्टिअरिंग पार टोकापर्यंत फिरवलं की पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायचा, कट्-कट्-कट्-कट्, एखादी आजी चाकात बसून अडकित्त्याने सुपारी कातरतेय असा. ॲक्सिलरेटर दाबला की आजीही घाई करायची.

बदलापुरात राहणारा माणूस आवाजाला सहसा भीत नाही. रोज लोकलच्या दारात उभा राहून त्याचे कान तयार झालेले असतात. त्यामुळे घरातून पहिला तोडगा निघाला तो असा : "अहो, मग उजवीकडे वळूच नका ना." हसू नका, हा तोडगा मी पंधरा दिवस पाळला. पंधरा दिवस मी शुद्ध डाव्या विचारसरणीने गाडी चालवली. सतत डावीकडे वळत गेलं की माणूस फिरून घरी येतो हे भूमितीत बरोबर आहे, पण भूमितीच्या सरांच्या आकृतीत मधून रेल्वे जात नव्हती. आमच्या गावात जाते, आणि ती ओलांडायची तर उड्डाणपूल चढावा लागतो. एका रविवारी दही आणायला म्हणून निघालो, पूल चढलो, उतरलो, डावे घेत घेत गेलो आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागलो. दही लागायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात मी दही घेऊन परत आलो.

मग एका गॅरेजात गेलो. नाव सांगत नाही, कारण तो माणूस काही खोटं बोलला नव्हता, फक्त मोठं बोलला होता. त्याने गाडी गोल फिरवली, आजीचा आवाज ऐकला आणि इंजिन बंद होण्याआधीच म्हणाला, "पूरा एक्सल जाएगा. साडेपाच हजार." मी विचार करून सांगतो म्हटलं. मध्यमवर्गीय माणूस "विचार करून सांगतो" म्हणतो तेव्हा तो विचार करणार नसतो आणि सांगणारही नसतो.

विचार केला तो आमच्या ऑर्डनन्सकाकांनी. हे आमच्या ए विंगच्या तळमजल्यावर राहतात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं फिटर होते. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सरकारने देशातल्या सगळ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या सात कंपन्यांत वाटून टाकल्या, पण काकांच्या तोंडात अजून जुनंच नाव आहे आणि त्यामुळे आमच्या तोंडात काकांचं. वय एकाहत्तर. खाली पडलेली चावी उचलायची असली तर नातवाला हाक मारतात. पण गाडीखाली काही गळतंय असं नुसतं कळलं की फरशीवर वर्तमानपत्र पसरून सरपटत आत जातात. तसे ते गेले. बॅटरी लावली. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. थोड्या वेळाने एक बोट बाहेर आलं, काळंकुट्ट, मशेरी लावायला काढल्यासारखं.

"बूट फाटलाय," गाडीखालून निदान आलं.

"कोणाचा?" गॅलरीतून प्रश्न आला. आमच्या घरी बूट या विषयावर जूनमध्ये, शाळा उघडताना, भरपूर खर्च होऊन गेला होता.

हा बूट काय असतो हे मला बारा वर्षं गाडी चालवून ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसेल तर लाजू नका. हार्मोनियमचा भाता उभा न धरता आडवा धरला आणि एका टोकाला निमुळता केला, की एक्सलचा बूट झाला. रबराच्या पाच-सहा घड्या. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो त्याच्या दोन्ही टोकांना, आत आणि बाहेर, एकेक सांधा असतो आणि प्रत्येक सांध्यावर असा भाता चढवलेला असतो. आत ग्रीस. बाहेर महाराष्ट्र. भात्याचं काम एवढंच, की आतलं आत राहावं आणि बाहेरचं बाहेर.

जुन्या ॲम्बेसेडरला, पद्मिनीला ही भानगड नव्हती. तिथे कामाची वाटणी घरंदाज होती : मागची चाकं ढकलणार, पुढची चाकं वळणार. कोणी कोणाच्या कामात पडायचं नाही. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि तिने पुढच्याच चाकांना सांगितलं, ओढायचंही तुम्हीच आणि वळायचंही तुम्हीच. बदलापूरहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. 68 किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि आल्यावर कुकरही तिनेच लावायचा.

आता फिरता दांडा वाकवायचा आणि वाकूनही त्याने एकसारखं फिरायचं, हे वाटतं तितकं सोपं नाही. साधा चौफुलीचा सांधा लावला तर तो वाकल्यावर गचके देतो. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. यावर उपाय काढला तो फोर्डमधल्या एका इंजिनिअरने, 1920 च्या दशकात. त्याचं नाव आल्फ्रेड झेपा. खरंच झेपा. त्याने पोलादी वाटीत खाचा पाडल्या, पिंजऱ्यात सहा गोट्या बसवल्या आणि दांडा कसाही वाकवला तरी गोट्या बरोब्बर मधल्या कोनात राहतील अशी तजवीज केली. फुगडी आठवा. एक मुलगी उंच, एक बुटकी, दोघींचा झोक निराळा. पण हातात हात घट्ट आहेत म्हणून वेग एकच. 1959 मध्ये इंग्लंडात मिनी गाडी निघाली तिच्या पुढच्या चाकांतही हीच फुगडी होती आणि आमच्या डाव्या चाकातही हीच. फक्त आमच्यातल्या फुगडीत वाळू शिरली होती.

"कधी फाटला असेल?" मी विचारलं.

"कटकट सुरू व्हायच्या खूप आधी," काका म्हणाले. "बूट फाटतो तेव्हा आवाज येत नाही रे. आधी ग्रीस उडतं, रिमला आतून काळं लागतं. ते तू कधी बघितलं नाहीस. मग पाणी जातं, धूळ जाते, गोट्या कोरड्या पडतात. आणि मग कटकट. कटकट म्हणजे तुझ्या आळसाची पावती."

पाणी कधी गेलं हे मात्र मी सांगू शकलो असतो, कारण बदलापूरला पाणी कधी आलं हे इथे पोरंसुद्धा सांगतात. 2005 ची 26 जुलै आहे. 27 जुलै 2019 आहे, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं ती. कोल्हापूरला निघालेला माणूस वांगणीला होडीत बसतो अशी आमची उल्हास नदी. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात माझी गाडीही थोडं थोडं नदीपात्र पाहून आली होती. उरलेलं काम खड्ड्यांनी केलं. ते खड्डे कोणाच्या हद्दीतले यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन वर्षं चर्चा चालू आहे, त्यामुळे इथे मी काहीच म्हणत नाही.

"घरी करू," काका म्हणाले. "रविवारी. तू उल्हासनगरहून बूट आण. तीस नंबरची गोटीही आण."

"गोटी? सहा आहेत ना आत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. गॅरेजच्या भाषेत गोटी म्हणजे नटावर बसवायचा गोल पाना हे मला त्या नजरेतून कळलं.

शनिवारी लोकलने उल्हासनगरला गेलो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर : दहा किलोमीटर, मध्ये एकच स्टेशन, पण जग वेगळं. आमच्याकडे दुपारी दुकानदार वामकुक्षी घेतो. तिथे दुकानदाराची दुपार असते की नाही हाच प्रश्न आहे. हे गाव मुळात कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं त्या बराकींत राहायला आली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या गावाची कोनशिला बसवली. छावणी गेली, पण नंबर राहिले : कॅम्प नंबर एक ते पाच, सतरा सेक्शन, अमुक बराक. आमच्याकडे पत्ता सांगताना देवळाची, पिंपळाची खूण सांगतात. तिथे पत्ता सांगितला की लॉकरचा नंबर सांगितल्यासारखा वाटतो. जे मिळत नाही ते बनवायचं, ही सवय ज्या माणसांना सगळं सोडून यावं लागलं त्यांना लागणारच. त्यातूनच तो 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद आला, उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा. तो विनोद मला सांगणारा पहिला माणूस उल्हासनगरचाच होता आणि सांगताना त्याने मला एक जीन्स विकली होती. ती मी अजून वापरतो.

रिक्षावाल्याने एका गल्लीत सोडलं. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत गेलं तर माल बाहेर काढावा लागेल. भिंतीवर फॅनबेल्टांच्या माळा, वर छताला सायलेन्सर टांगलेले, आणि मध्ये एका स्टुलावर शेठ.

"बूट पाहिजे," मी म्हणालो. "एक्सलचा," हे घाईने जोडलं.

"इनर की आउटर?"

"डाव्या चाकाचा."

"वो नहीं पूछा, काका. इनर की आउटर? एबीएस आहे? पेट्रोल की डिझेल? मॉडेल कोणतं?"

साहेबाच्या केबिनमध्ये उभं राहिल्यासारखं वाटलं. पेट्रोल तेवढं ठामपणे सांगितलं. बाकीच्यासाठी काकांना फोन लावला आणि फोनच शेठकडे दिला. पुढची दोन मिनिटं दोघे माझ्या गाडीबद्दल असे बोलले की मला ती माझी वाटेना. फोन परत देताना शेठ म्हणाले, "बुजुर्ग आदमी है. तुम्ही फक्त पैसे द्या."

"ओरिजिनल द्या," मी म्हणालो. काहीतरी तर म्हणायला हवं.

शेठनी काउंटरवर तीन पाकिटं ठेवली. पहिल्यावर बोट ठेवलं : "हा कंपनीचा." दुसऱ्यावर : "हा कंपनीसारखा." तिसऱ्याला त्यांनी नुसतं सरकवलं : "और ये चलता है."

किती दिवस चालतो, हे मी विचारलं नाही. पहिलं पाकीट उचललं. त्यात बूट, दोन पत्र्याच्या पट्ट्या, एक सर्क्लिप आणि ग्रीसची पुडी, सगळं मिळून तीनशे दहा रुपये. गोटी चारशे वीस. म्हणजे जी वस्तू गाडीत राहणार ती स्वस्त आणि जी दहा मिनिटांसाठी लागणार ती महाग. लग्नात नवऱ्यामुलाच्या फेट्याचं असंच असतं.

"दोन न्या," शेठ निघताना म्हणाले. "उजवा भी जाएगा. दोन्ही एकाच दिवशी जन्मले ना."

दुकानदार आहे, दोन न्या म्हणणारच, असा विचार करून मी एकच घेतला. हे वाक्य लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी साडेआठला पार्किंगमध्ये काम सुरू झालं. घरी गाडी दुरुस्त करण्यात 'घरी' हा शब्द फसवा आहे. परदेशात म्हणे माणूस स्वतःच्या गराजमध्ये दार लावून एकटा काम करतो. आमच्या सोसायटीत बॉनेट उघडलं की जत्रा भरते. नऊ वाजेपर्यंत सेक्रेटरी आले ("पेव्हर ब्लॉकवर तेल सांडायला नको हं"), वॉचमन आला, चार मुलं आली, आणि पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ चहाचा कप घेऊन गॅलरीत आले, ते जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच होते. त्यांचं एकच वाक्य दर वीस मिनिटांनी खाली पडायचं : "मी असतो तर गॅरेजला दिली असती."

मागच्या चाकांना विटा लावल्या. हँडब्रेक ओढला. चाकाच्या मध्यातला, एक्सलच्या टोकाचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा असतो, नाहीतर चाक फिरत राहतं. त्या नटाची कडा खाचेत ठोकून बसवलेली असते, आपोआप सुटू नये म्हणून. काकांनी छोट्या छिन्नीने ती अलगद उचलली, कानातला मळ काढावा तशी. नवी गोटी चढवली. दांड्याला चार फुटांचा पाण्याचा जुना लोखंडी पाइप लावला. "आता उभा राहा त्याच्यावर," काका म्हणाले.

मी उभा राहिलो. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला ते कमी पडलं. वॉचमनलाही शेजारी उभं केलं. आम्ही दोघे पाइपवर एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, दहीहंडीचा पहिला थर असल्यासारखे. खालून मुलांनी "गोविंदा" म्हटलं आणि 'टणक' असा आवाज होऊन नट सुटला. वॉचमन गुलमोहोराच्या आळ्यात गेला. मी गेलो नाही, कारण मी गाडीला धरलं होतं.

मग जॅक, जॅकच्या शेजारी लाकडी ठोकळा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारे लोक काकांनी फॅक्टरीत पाहिलेत, आणि नंतर तेच लोक नऊ बोटांनीही), चाक बाहेर, खालच्या आर्मचा बोल्ट बाहेर, बॉल जॉइंट सोडवला. सगळं मराठी मासिकातल्या पाककृतीसारखं भराभर झालं. हब बाहेर ओढलं आणि दांडा मोकळा झाला. तिथे तो होता, आमचा बूट. घड्यांच्या मधोमध आडवा फाटलेला, हसल्यासारखा. आतून काळं ग्रीस नव्हे, करडा चिखल. उल्हास नदीचा गाळ मी ओळखतो.

"आता हा कापायचा आणि नवा घालायचा," मी म्हणालो. "बाहेरच्या बाजूने."

"बाहेरून जात नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या गाडीचा बाहेरचा जॉइंट दांड्यावरून निघत नाही. बाहेरचा बूट बदलायला आतला जॉइंट काढावा लागतो. आतून सरकवत सरकवत बाहेर न्यायचा."

मी हे दोनदा ऐकलं. सरकारी कचेरीतल्या माणसाला भेटायचं तर आधी त्याच्या मेहुण्याला भेटावं लागतं, तसंच हे. म्हणजे जो बूट फाटला नव्हता तोही उघडायचा. काकांनी गिअरबॉक्सच्या बाजूला पहार घातली, टिचकी मारावी तशी हलवली, आणि दांडा अख्खा बाहेर आला. त्याच्यामागून गिअर ऑइलही आलं. सेक्रेटरी त्या वेळी नेमके काय म्हणत होते ते मला आठवतं : "बघा, अजून एक थेंब नाही." खाली मी बालदी ठेवली होती, पण तेलाने पेव्हर ब्लॉक पसंत केला.

आतल्या जॉइंटमध्ये गोट्या नसतात. तिथे तीन पायांची चांदणी असते आणि प्रत्येक पायावर एक रोलर. रोलरच्या आत सुईएवढ्या बारीक सळया ओळीने बसवलेल्या. रोलर घसरला की त्या सांडतात, आणि सांडल्या की तुम्ही रविवार नाही, चातुर्मास पाळायला बसा. काकांनी जुन्या धोतराची चिंधी घेतली आणि तिन्ही रोलरांना एकत्र बांधलं. दातांनी गाठ मारली. चांदणी दांड्यावर कशी बसली होती त्याची छिन्नीने बारीक खूण केली. चौतीस वर्षं नोकरी केलेला हात मी पहिल्यांदा जवळून पाहिला. त्या हाताला घाई नव्हती आणि थांबणंही नव्हतं. मोदकाला कळ्या पाडणाऱ्या बाईचा असतो तसा. गॅलरीतले गृहस्थसुद्धा त्या पाच मिनिटांत काही बोलले नाहीत.

बाहेरचा जॉइंट निघत नसला तरी धुता येतो. डिझेलच्या डब्यात बुडवायचा, वाकवायचा, फिरवायचा, पुन्हा बुडवायचा. हे काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या आंघोळीनंतर गोट्या चमकायला लागल्या. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून खाचांवरून नख फिरवलं. "खड्डे नाहीत," म्हणाले. मला वाटलं रस्त्याबद्दल बोलतायत. "थोडी झिजलीय, पण खड्डे पडलेले नाहीत. अजून चालेल. पुरा एक्सल म्हणे!"

मग ग्रीस. पुडीतलं ग्रीस साधं पिवळं नसतं. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं म्हणून ते काजळासारखं काळं. पुडीतलं सगळं आत गेलं पाहिजे, बोटाने दाबून, प्रत्येक गोटीच्या मागे. हे मी केलं आणि सांगतो, पुरण भरण्याइतकं सुख त्यात आहे. त्यानंतर तीन दिवस मी कुठेही हात लावला की तिथे माझी सही उठत होती : फ्रिजवर, नळावर, दप्तराच्या पट्ट्यावर, आणि ऑफिसात हजेरीच्या यंत्राने तर माझं बोट ओळखायलाच नकार दिला.

नवा बूट आतून सरकत बाहेर गेला, पट्ट्या आवळायची वेळ आली. तेव्हा काकांनी मला थांबवलं. छोट्या तोंडाच्या कडेखाली स्क्रूड्रायव्हर घातला आणि भाता हलकेच दाबला. आतून 'फुस्स' झालं.

"ढेकर काढायची असते," काका म्हणाले. "आत हवा राहिली तर बूट फुगतो किंवा चिमटतो, आणि परत फाटतो." बाळाला दूध पाजून खांद्यावर घेऊन थोपटावं, तसा हा एकाहत्तर वर्षांचा माणूस एक्सल मांडीवर घेऊन त्याची ढेकर काढत होता. माझ्या बायकोने वरून याचा फोटो काढला. तो आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे, खाली मामींनी विचारलंय, "कोणाकडे झालं?"

परत जोडताना एकच गोष्ट अडली. मोठा नट किती आवळायचा हे पुस्तकात दिलेलं होतं, पावणेदोनशे न्यूटन मीटर, आणि ते मोजायला टॉर्क रेंच लागतो. काकांच्या मते ते हातात कळतं. पण काकांनी एक चूक केली होती. त्यांनी सकाळी अंबरनाथच्या मित्राला फोनवर सांगितलं होतं की मी एक्सल उघडतोय. हा मित्र तिथल्याच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून निवृत्त झालेला. ऑर्डनन्स आणि प्रोटोटाइप, दोन्ही कारखाने अंबरनाथचे, दोन्ही संरक्षण खात्याचे. आणि त्यामुळे दोघांत सख्ख्या जावांचं नातं. अंबरनाथच्या माणसाला गावातलं काय दाखवाल विचारलं तर तो शिवमंदिर सांगेल, शिलाहारांचं, शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं. या दोघांपैकी कोणालाही विचारलं तर ते स्वतःचं लेथ मशीन सांगतील. देवळाबद्दल काकांचं मत आदराचंच आहे : "साडेनऊशे वर्षं झाली, एकही पार्ट हलला नाही. हलणारं काही ठेवलंच नाही त्यांनी. शहाणे होते."

साडेबाराला मित्र लोकलने आले. काखेत एक लांबट पेटी. सनई असावी असं मुलांना वाटलं. पेटीत मखमल, मखमलीत टॉर्क रेंच. तो ते कोणाच्या हातात देत नाहीत, म्हणून स्वतःच घेऊन आले होते. जेवायच्या वेळेला आलेला माणूस म्हणून आमच्याकडे दोन पानं वाढली गेली, कारण काकांनाही सोडून चालणार नव्हतं.

जेवण झाल्यावर सामना झाला. काकांनी आधी अंदाजाने नट आवळला. "झाले बघ पावणेदोनशे." मित्राने पेटी उघडली, रेंच लावला, ओढला. सगळे गप्प. रेंच पावणेदोनशेवर लावलेला होता, नट न हलता तो 'टक्' वाजला तर काका खरे. तो वाजला, नट केसभर सरकून.

"एकशे पासष्ट," मित्र म्हणाले.

"तुझा रेंच जुना झालाय," काका म्हणाले.

या दोन वाक्यांवर चहाचे दोन फेरे झाले. वरचे गृहस्थ पहिल्यांदा खाली उतरून आले आणि मित्राच्या बाजूने उभे राहिले.

सायंकाळी चाचणी घेतली. सोसायटीच्या गेटपासून उजवीकडे, पूर्ण स्टिअरिंग. गाडीत पुढे मी आणि काका, मागे मित्र, सेक्रेटरी आणि दोन मुलं. काचा खाली. सहा जणांनी श्वास रोखून आजीची वाट पाहिली. सुपारी कातरणं थांबलं होतं. अगदी शांतता नव्हती, अधूनमधून बडीशेप चघळल्यासारखं काहीतरी यायचं, पण ते काकांना ऐकू येत नव्हतं आणि त्यांच्या कानाशी वाद घालावा अशी वेळ नव्हती. मी आनंदाने तीन वेळा उजवीकडे वळलो. पंधरा दिवसांनी.

घोडे बदलायचं ठिकाण म्हणून हे बदलापूर, असं इथले जुने लोक सांगतात. फौजा यायच्या, थकलेले घोडे इथे सोडायच्या, ताजे घेऊन पुढे जायच्या. त्या काळी एक बरं होतं. माल, हात आणि पागा एकाच जागी असायची. आमच्या या घोड्याची नाल उल्हासनगरहून आली, ठोकणारे हात अंबरनाथहून, आणि बदलापूरने दिलं ते पार्किंग, पेव्हर ब्लॉक आणि प्रेक्षक.

पेव्हर ब्लॉकवरचा डाग अजून आहे. सेक्रेटरींनी त्यावर तांदळाच्या पिठापासून लाकडाच्या भुश्श्यापर्यंत सगळं टाकून पाहिलं. आता दसऱ्याला तिथे मोठी रांगोळी काढायची असं ठरलंय.

गोटीचं मात्र मला सांगायला हवं. त्या रविवारी जे जे खाली उभे होते त्या सगळ्यांना आपापली गाडी वळताना काहीतरी कटकट करते असं सोमवारपासून वाटायला लागलं. पूर्वी चाळीत एका घरी पुरणयंत्र असायचं आणि होळीला ते अख्ख्या चाळीत फिरायचं, तशी तीस नंबरची गोटी फिरायला लागली. आधी सी विंगला गेली. मग शेजारच्या सोसायटीत. मध्ये एकदा मला लोकलमध्ये चौथ्या सीटवरच्या अनोळखी माणसाने विचारलं, "गोटीवाले तुम्हीच ना?"

परवा मी सहज उजव्या चाकाच्या आत हात घातला. बोट काळं झालं. शेठ म्हणाले होते, दोन्ही एकाच दिवशी जन्मले. काकांना दाखवलं, ते म्हणाले, "रविवारी करू, गोटी आण."

गोटी सध्या बी विंगमध्ये आहे. त्यांच्यानंतर दोन जणांचे नंबर आहेत. मी माझं नाव खाली लिहून आलोय.